सारायेव्होत चार दिवस

माझी थोरली मुलगी व्हिएन्ना शहरात परिचारिका म्हणून नोकरीला आहे. गेल्या वर्षी महिनाभर तिच्याकडे राहायला गेले होते. तिने चार दिवसांची रजा काढून ठेवली होती. "आई, कुठं जायचं? इटली बघू की पॅरिस?" असे तिने विचारले. मी म्हटले, "सारायेव्हो." ती माझ्याकडे बघतच राहिली.

तिला कारण ठाऊक असण्याचे कारण नाही, तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता. १९९३ सालची गोष्ट. मी महापालिकेच्या शाळेत सातवीला भूगोल शिकवत होते. आधीच्या डिसेंबरात आणि त्या जानेवारीत मुंबई पेटली होती. बंद पडलेली शाळा पुन्हा भरली तेव्हा वर्गात निम्मीच मुले होती. त्या दिवसांत टीव्हीवरच्या बातम्यांत सारायेव्होचे नाव वरचेवर येई. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तिकडची पोरं शाळेत जातात का?" मला उत्तर देता आले नाही. भिंतीवरच्या नकाशात तर तो देशच नव्हता. तिथे अजून युगोस्लाव्हिया छापलेला होता. मी एकतीस वर्षे शिकवले, अनेक प्रश्न विसरले. हा विसरले नाही.

व्हिएन्नाहून संध्याकाळी बस सुटते ती सकाळी पोचते. पहाटे सावा नदीच्या पुलावर पासपोर्ट तपासतात, आणि मग डोंगरच डोंगर. सारायेव्हो म्हणजे एक लांबट दरी. मधून मिल्यात्स्का नावाची नदी वाहते. नदी म्हणायची एवढेच, आपल्याकडचा मोठा ओढा तेवढा असतो. दोन्ही अंगांना घरे डोंगरावर चढत गेलेली. शहर जणू परातीच्या तळाशी आहे. लढाईतले काही कळत नसलेल्या माझ्यासारखीलाही बसमधूनच कळले, की डोंगर ज्याच्या हाती, शहर त्याच्या मुठीत.

झाले होते तसेच. युगोस्लाव्हिया फुटत असताना बोस्नियात १९९२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सार्वमत झाले आणि स्वातंत्र्य मान्य झाले. ते मान्य नसलेल्या सर्ब पुढाऱ्यांच्या फौजेने जुन्या युगोस्लाव्ह सैन्याच्या तोफा घेऊन भोवतालचे डोंगर धरले. ५ एप्रिल १९९२ पासून २९ फेब्रुवारी १९९६ पर्यंत, १४२५ दिवस, शहराला वेढा पडला. युद्धाआधी शहराची वस्ती पाच लाखांच्या आसपास होती. आत फक्त मुसलमान होते असे कुणी समजू नये. सर्ब होते, क्रोएट होते, ज्यूही होते, आणि तोफेचा गोळा जात विचारून पडत नव्हता. शहराच्या बचावात योवान दिव्याक नावाचा जो मोठा सेनाधिकारी होता तो स्वतः सर्ब. युद्ध चालू असतानाच, १९९४ साली, त्याने अनाथ मुलांच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्तीची संस्था काढली. २०२१ मध्ये तो वारला.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ आयोगाने नोंदवले आहे, की सरासरी दिवसाला ३२९ गोळे शहरावर पडले. एकट्या २२ जुलै १९९३ रोजी ३,७७७. जाता जाता सांगते, संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या शांतिसेनेचे पहिले सेनापती आपले जनरल सतीश नंबियार होते, मराठा लाईट इन्फन्ट्रीचे. पण शांतिसेनेला वेढा उठवण्याचा हुकूम नव्हता. धान्य पोचवा, मध्ये उभे राहा, एवढाच.

आम्ही उतरलो ते मेयताश नावाच्या चढावरच्या वस्तीत, चार मजली जुन्या इमारतीत. लिफ्ट नाही. घरमालकीण दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देते. माझ्याहून अठरा-वीस वर्षांनी लहान, म्हणून मी 'ती'च म्हणते. नाव छापू नका म्हणाली, तेव्हा छापत नाही. तिला इंग्रजी बेताचे, पण जर्मन अस्खलित. माझ्या मुलीला जर्मन येते. अशी आमची गाठ पडली. ती जर्मन कुठे शिकली हे विचारल्यावर म्हणाली, "बर्लिनमध्ये. निर्वासितांच्या वसतिगृहात." मग चार दिवस आम्ही शहर बघितले ते दिवसा, आणि रात्री तिच्या स्वयंपाकघरात बसून.

स्वयंपाकघरात शिरताच माझे लक्ष ओट्याखाली गेले. वीस-वीस लिटरचे दोन प्लॅस्टिकचे कॅन, गळ्यापर्यंत भरलेले. नळाला चोवीस तास पाणी आहे, तरी ती दर आठवड्याला ते ओतते आणि पुन्हा भरते. मुलगी हळूच म्हणाली, "आई, तुझ्या पिंपासारखं." आमच्या चाळीत पहाटे चारला पाणी यायचे, अजूनही मी पिंप रिकामे ठेवू शकत नाही. पण आमच्या रांगेत भांडणे व्हायची, तिच्या रांगेवर तोफा डागत.

वेढ्याच्या सुरुवातीला ती चौदा वर्षांची होती. पाणी आणि वीज तोडली गेली. नदीपलीकडे बिस्त्रिक भागात दारूभट्टीचा, म्हणजे बिअरच्या कारखान्याचा, लाल रंगाचा मोठा वाडा आहे. कारखान्याचे स्वतःचे झरे असल्याने तिथे पाणी मिळे. वडील ट्रामच्या कारखान्यात मेकॅनिक होते, ते फौजेत गेलेले. आईला दम्याचा त्रास. त्यामुळे पाणी हिचे काम. दुसऱ्या मजल्यावरची समवयस्क मैत्रीण आणि ही, दोघी मिळून जात. उतरताना रिकामे कॅन, पूल ओलांडताना पळायचे, रांगेत तीन-चार तास, आणि परत येताना भरलेले कॅन घेऊन चढ. जानेवारी १९९३ मध्ये त्याच रांगेवर गोळा पडून माणसे मेली. त्या दिवशी या दोघी गेल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी गेल्या. "भीती नाही वाटली?" असे माझ्या मुलीने विचारले. ती म्हणाली, "तहान लागली होती."

खाणे आकाशातून येई. ३ जुलै १९९२ पासून जानेवारी १९९६ पर्यंत संयुक्त राष्ट्रांची विमाने सारायेव्होला धान्य उतरवीत होती. बर्लिनच्या विमानपुरवठ्यापेक्षाही हा अधिक काळ चालला. तांदूळ, मॅकरोनी, पीठ, थोडे तेल, आणि 'इकार' नावाचे डबाबंद गोमांस, जे म्हणे कुत्रीसुद्धा हुंगून सोडून देत. त्या डब्याचा भलामोठा पुतळा गावकऱ्यांनी २००७ साली उभारला आहे, खाली लिहिले आहे, आंतरराष्ट्रीय समाजाला सारायेव्होच्या कृतज्ञ नागरिकांकडून! मी तो बघितला. उपकाराची अशी परतफेड मी दुसरीकडे बघितली नाही.

दुसऱ्या रात्री मी मोठ्या हौसेने खिचडी टाकली. तिने चमचाभर घेतली, छान झाली म्हणाली आणि ताट बाजूला सारले. नंतर मुलीला म्हणाली, "आईला वाईट वाटू देऊ नका. तेव्हापासून मला तांदूळ जात नाही."

जळणासाठी बागांतली, रस्त्यांवरची झाडे तोडली गेली. मग लाकडी फरशी, कपाटे, जुने जोडे आणि शेवटी पुस्तके. पत्र्याच्या डब्यांच्या शेगड्या केल्या होत्या. राष्ट्रीय ग्रंथालय असलेली वियेच्नित्सा ही देखणी इमारत तर २५ ऑगस्ट १९९२ च्या रात्री तोफांनीच पेटवली. ती २०१४ मध्ये पुन्हा उघडली, आम्ही आत जाऊन आलो. पण पुस्तके गेली ती गेली.

रात्रीच्या उजेडाचे सांगताना ती एक शब्द बोलली आणि मुलीने भाषांतर करायच्या आधीच मला कळला: 'कांदिलो'. काचेच्या बरणीत पाणी, वर थोडे तेल, त्यात तरंगती वात. आपला कंदीलच तो, नाव तेच. मग आम्ही शब्दांचा खेळ मांडला. साबणाला 'सापून', साखरेला 'शेचेर', बाजाराला 'पाझार' आणि दुश्मनाला 'दुश्मानिन'. तुर्कांच्या राज्यात तिकडे गेलेले शब्द आणि इकडे आलेले शब्द एकाच घरचे. ती पहिल्यांदा मोकळी हसली.

त्या कांदिलोजवळ बसून ती अभ्यास करी. होय, शाळा चालू होती! माझ्या त्या विद्यार्थिनीचे उत्तर मला बत्तीस वर्षांनी मिळाले. शाळेच्या इमारतींवर गोळे पडत म्हणून वर्ग वस्तीवस्तीत वाटले होते: तळघरात, जिन्याखाली, कुणाच्या खिडकी नसलेल्या खोलीत. तिच्या इमारतीच्या तळघरात बारा मुले बसत. वही संपली की पेन्सिलचे लिहिलेले खोडून पुन्हा त्याच वहीवर लिहायचे. गणिताच्या बाई शहराच्या दुसऱ्या टोकाहून चालत येत. मी विचारले, परीक्षा घेत होता का? तिने आतून एक गुणपत्रिका आणली, शिक्क्याची, सहीची. भौतिकशास्त्रात गुण कमी होते. युद्ध होते म्हणून कुणी वाढवून दिले नव्हते. शिक्षिका म्हणून मला त्या गुणपत्रिकेचा फार आदर वाटला.

लोगाविना रस्त्यावर युद्धातल्या बालपणाचे एक संग्रहालय आहे. यास्मिन्को हालिलोविच या तरुणाने, जो स्वतः वेढ्यात वाढला, २०१० मध्ये लोकांना विचारले, युद्धातले बालपण तुमच्यासाठी काय होते ते थोडक्यात लिहा. हजारावर लोकांनी लिहिले. त्याचे पुस्तक झाले आणि २०१७ मध्ये संग्रहालय. तिथे बंदुका नाहीत. कुणाचे नृत्याचे बूट, कुणाची खेळणी, आणि प्रत्येकाखाली ज्याची वस्तू त्याचे चार शब्द. मी तिथे दोन तास होते, मुलगी शेवटी बाहेर पायरीवर जाऊन बसली.

शहरात रस्त्यावर जागोजागी लाल डाग दिसतात. गोळा पडून डांबरात किंवा फरशीत जे पंजासारखे खड्डे पडले, आणि जिथे माणसे मेली, त्यांत लाल राळ भरली आहे. त्यांना सारायेव्होचे गुलाब म्हणतात. ५ फेब्रुवारी १९९४ रोजी मार्काले बाजारात एका गोळ्याने ६८ माणसे गेली. आज तिथे टोमॅटो आणि पालेभाज्या विकतात, आम्हीही जांभळ्या बोरांसारखी फळे घेतली. मागच्या भिंतीवर नावे आहेत. २०१२ मध्ये मुख्य रस्त्यावर मृतांच्या नावे ११,५४१ लाल खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांत लहान मुलांच्या ६४३ छोट्या.

तिसऱ्या दिवशी बुतमिरला भुयार बघायला गेलो. विमानतळ संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात, त्याच्या एका बाजूला वेढलेले शहर आणि पलीकडे मोकळा मुलूख. धावपट्टीवरून रात्री पळणारी माणसे गोळ्यांना बळी पडत. म्हणून धावपट्टीच्या खालून सुमारे ८०० मीटर लांबीचे भुयार खणले, दोन्ही टोकांकडून, फावड्या-कुदळीने. चार महिने पाळ्या लावून काम चालले, मजुरी म्हणून सिगारेटचे पाकीट. ३० जून १९९३ रोजी दोन्ही टोके मिळाली. उंची पुरुषभरही नाही. आज वीस-पंचवीस मीटर जपून ठेवले आहे. मी वाकून तेवढेच गेले तर कंबर धरली.

ऑक्टोबर १९९४ मध्ये ही याच भुयारातून बाहेर पडली. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आईचा दमा वाढला होता. जर्मनीत पंचवीस वर्षे कारखान्यात काम करणाऱ्या मावशीने हमीपत्र पाठवले. लढण्याच्या वयाच्या पुरुषांना बाहेर जायची परवानगी नव्हती, वडील मागे राहिले. निघताना तिने पाण्याचे दोन्ही कॅन मैत्रिणीच्या दारात ठेवले. मैत्रिणीला हमीपत्र पाठवणारे जर्मनीत कुणी नव्हते. "ती काही बोलली नाही," घरमालकीण म्हणाली, "आणि मीही काही बोलले नाही." भुयारात पोटरीपर्यंत पाणी, समोरच्या माणसाची पाठ तेवढी दिसे. पुढे इग्मान डोंगराचा उघडा रस्ता, ट्रकमध्ये ताडपत्रीखाली. मग समुद्रकाठचे स्प्लिट, आणि बसने जर्मनी.

वेढ्याच्या गोष्टी पुस्तकांत बऱ्याच येतात, निर्वासिताच्या कमी. बर्लिनमध्ये तिला एक कागद मिळाला. त्याचे नाव 'डुल्डुंग'. माझ्या मुलीने अर्थ सांगितला: सहन करणे, सोसून घेणे. म्हणजे राहण्याचा हक्क नाही, हद्दपार करणे तूर्त थांबवले आहे. मुदत संपत आली की कचेरीत पहाटेपासून रांग, नवा शिक्का. जर्मनीने बोस्नियाचे सुमारे साडेतीन लाख लोक घेतले, युरोपात इतके कुणी घेतले नाहीत, हे ती स्वतःच सांगते. शिक्षक चांगले होते, शेजारीण कोट देऊन गेली. पण ती म्हणाली, "पाण्याच्या रांगेत मी माणूस होते. त्या रांगेत मला सोसून घेतलं जात होतं." वसतिगृहातल्या एका खोलीत दोन कुटुंबे, मध्ये चादर. ती शाळेत जाऊ लागली, जर्मन शिकली, दाताच्या दवाखान्यात हाताखाली काम शिकू लागली.

मे १९९५ मध्ये वडील गेले. गोळ्याने. रेडक्रॉसच्या निरोपाच्या कागदावरून तिला ते सहा आठवड्यांनी कळले. अंत्ययात्रेवरही नेम धरत म्हणून दफन रात्री उरकत. कोशेवोजवळचे खेळाचे मैदान भरून गेले होते, आजही तिथे पांढऱ्या दगडांच्या रांगा आहेत. वडिलांना माती द्यायला घरचे कुणी नव्हते. दुसऱ्या मजल्यावरची मैत्रीण आणि तिचा बाप गेले.

डिसेंबर १९९५ मध्ये तह झाला आणि वर्षभरात जर्मन सरकारने ठरवले, आता परत जा. १९९८ च्या उन्हाळ्यात आई आणि ती परतल्या. शिक्षण अर्धे राहिले. जिना चढून वर गेल्या तर घराला दुसरेच कुलूप. आत पूर्व बोस्नियातून हाकललेले एक कुटुंब राहत होते, म्हातारी, सून आणि दोन मुले. बावीस लाख माणसे त्या युद्धात घराबाहेर फेकली गेली होती, म्हणजे देशातला जवळजवळ दर दुसरा माणूस. प्रत्येकजण कुणाच्या तरी घरात होता. कायद्याने घर परत मिळणार होते, पण अर्ज करायचा म्हणजे त्या म्हातारीला बाहेर काढा असे लिहून द्यायचे. तिने तो अर्ज केला. हे सांगताना ती भांडी विसळायला उठली. निकाल लागायला तीन वर्षे लागली. तोवर मायलेकी कुठे राहिल्या? दुसऱ्या मजल्यावर, मैत्रिणीकडे, एका खोलीत. मैत्रिणीने दार उघडले, बिछाना घालून दिला, आणि महिनाभर तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

मी विचारले, रागावली होती का? ती म्हणाली, त्या काळात शहरात दोन प्रकारची माणसे होती, राहिलेली आणि गेलेली. राहिलेल्यांना वाटे यांनी मजा केली. गेलेल्यांना आपल्यावर काय बेतले ते सांगण्याचा हक्कच नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी ती मैत्रीणच वर आली. दोघी रोज एकत्र कॉफी घेतात, तांब्याच्या लांब दांड्याच्या भांड्यात केलेली, साखरेचा खडा बुडवून. ती आता प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, तेव्हा आमचे लगेच जमले. तिने सांगितले, की देशाच्या काही भागांत अजून एका छताखाली दोन शाळा चालतात. इमारत एक, पण क्रोएट मुलांचे दार वेगळे, बोस्नियाक मुलांचे वेगळे, पुस्तके वेगळी. मी म्हटले, वेगळे दार काय असते ते आमच्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही. मुलीने ते जर्मनमध्ये सांगितले, घरमालकिणीने बोस्नियनमध्ये. मैत्रिणीने मान हलवली आणि याय्त्से गावच्या मुलांची हकीकत सांगितली. तिथे आणखी एक वेगळी शाळा काढायचे घाटत होते. दोन्ही बाजूंची शाळकरी मुले २०१६-१७ मध्ये एकत्र रस्त्यावर उतरली, आम्हाला एकमेकांपासून तोडू नका म्हणाली, आणि तो बेत रद्द करायला लावला.

मग माझ्या मुलीने, तरुण आहे ती, सरळ विचारले, "ही निघून गेली तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

घरमालकीण मुकाट बसली. तिने तो प्रश्न बोस्नियनमध्ये सांगितला तो खाली बघून. मैत्रीण बराच वेळ बोलली. आवाज चढला नाही. मध्ये एकदा तिने ओट्याखालच्या कॅनकडे बोट केले. आम्ही वाट बघत होतो, पण घरमालकिणीने भाषांतर केले नाही. तिने भांड्यातली उरलेली कॉफी मैत्रिणीच्या कपात ओतली.

मी मुलीचा हात दाबला. पुन्हा विचारू नकोस म्हणून.

संध्याकाळी बसला सोडायला दोघीही खाली आल्या. माझी पिशवी मैत्रिणीने उचलली. घरमालकिणीने दीड लिटरची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मी म्हटले, बस वाटेत थांबते, पाणी मिळते. मुलीने ते सांगितले, तरी तिने ऐकले नाही.